तड्याच्या अलीकडे

बोएदोतल्या या खोलीत जुलैची थंडी
रेडिएटरमागे दबा धरून बसते.
मी तबकडी धुते: डिस्टिल्ड पाणी, साबणाचे दोन थेंब,
बकरीच्या केसांचा ब्रश, खाचांच्या दिशेनं,
उलट कधीच नाही.
पाण्यात उतरतो कुणाच्या तरी घरातला तंबाखू,
तळणीचं तेल, बहुधा एक लग्नही.

ही विकली कधी गेलीच नाही. चाचणीची प्रत.
लेबलवर निळ्या शाईत
'लिसान्द्रो बाकारेसा आणि ऑर्केस्ट्रा',
खाली, जागा उरली म्हणून, 'सोबत जपानी कुमारी'.
नाव पाकिटाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीनं,
दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिलेलं:
त्सुयाको मिनेगिशि.

आधी तीन बँडोनिऑन श्वास घेतात.
भात्यांचा तो श्वास मशीनला कचरा वाटतो.
मी म्हणते, राहू दे.
मग ती.
स्पॅनिश तिला येत नसावं;
शब्द आपल्या लिपीत उतरवून, घोटून आणलेले,
परक्या घरी कप दोन्ही हातांनी धरावा
तसा एकेक 'र' धरलेला.
आमच्याकडचे गायक 'कोरासोन' म्हणताना
शेवट गिळून टाकतात.
ती गिळत नाही.
पानात काही टाकतही नाही.

आणि तिथंच घोळ.
तिचा 'क' इतका टोकदार
की सॉफ्टवेअर त्याला ओरखडा समजतं.
काल रात्री एका बटणात
सातशे बारा ओरखडे गेले
आणि हृदयाचं उरलं 'ओरासोन'.
सगळं परत आणलं.
आता हातानं निवडते, तांदळातले खडे निवडावेत तसं:
हा खडा, हा खडा, हा क,
हा खडा, हा, थांब,
हा तिच्या जिभेचा.

दुसऱ्या कडव्यात ती समेवर उशिरा येते.
अर्धी मात्रा.
पियानोवाला सावरून घेतो, दाखवत नाही.
ती अर्धी मात्रा मला सरकवता येईल,
हातातली कॉफी निवायच्या आत.
पण विचारू कुणाला?

गाणं संपतं. कुणीतरी खुर्ची सरकवतं.
आणि तबकडीच्या अगदी आत,
जिथं सुई कुणी पोचूच देत नाही,
ती काहीतरी बोलते.
गाण्याच्या आवाजात नव्हे.
हळू, बहुधा कुणालाच उद्देशून नाही.

खालच्या लाँड्रीतून तोकाशिकींना बोलावलं.
वाफेनं लाल झालेले हात,
हेडफोन उलटा घातलेला.
सहा वेळा ऐकलं.
"मोऽ इ…" ते म्हणाले, "आणि मग तडा.
'मोऽ इचिदो' असेल. म्हणजे पुन्हा एकदा.
नाहीतर 'मोऽ ई'. म्हणजे आता पुरे.
सुरुवात दोन्हींची एकच.
आमच्या घरी बेटावरची बोली होती,
टोकियोची भाषा मी सिनेमात शिकलो.
माझ्यावर भरवसा ठेवू नका, रेमेदिओस."
मग पुन्हा हेडफोन लावून बसले,
दुकान तसंच उघडं टाकून.

तडा मिटवता येतो.
दर फेरीला एक टक्, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.
शेजारचा नाद घ्यायचा, वरून पूल बांधायचा,
कानाला पत्ता लागत नाही.
गाणंभर मी तेच केलं, दोनशे सहा पूल.
दोनशे सातव्यापाशी
हात माऊसवरून काढला.

पुरे म्हणाली असेल तर तिचं ऐकलं गेलं.
पुन्हा म्हणाली असेल तर
त्या स्टुडिओत ते कळणारं कुणी नव्हतं,
आणि गाडी पुढच्या गाण्याकडे निघाली होती.

फाइलला नाव दिलं, तिचं, पूर्ण,
ऑर्केस्ट्राच्या आधी.
तोकाशिकी जिना उतरताना तीच चाल गुणगुणत होते,
दुसऱ्या कडव्यात अर्धी मात्रा उशिरा.
खालून कुणाच्या तरी कोटाचा
करपल्याचा वास येत होता.